बोर्डावरची तिसरी ओळ

माझं अक्षर चांगलं आहे. हे दुसऱ्या कुणी सांगेल म्हणून वाट बघण्यात आता अर्थ नाही. ज्यांनी ते रोज वाचलं त्यातले बहुतेक जण गेले, आणि जिच्यावर मी ते लिहीत होतो ती वस्तू केव्हाच कुणाच्या तरी बंबात गेली असणार. वस्तू म्हणजे बोर्ड. गिरगावातल्या एका मराठी दैनिकाच्या दाराशेजारी टांगलेला, पुरुषभर उंचीचा काळा लाकडी बोर्ड.

आजच्या वाचकाला हे सांगावं लागेल. पेपर निघायचा सकाळी, पण जगात काही घडायचं ते दिवसभर. रेडिओ चाळीत एखाद्याकडे. मग दुपारी-संध्याकाळी काही मोठं घडलं की आमच्या पेपराच्या कचेरीत ते आधी यायचं, आणि कचेरीतला एक माणूस खाली येऊन ते बोर्डावर खडूने लिहायचा. तो माणूस मी. नोकरी उपसंपादकाची होती, बी.ए. होऊन मिळवलेली. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हेही मी मोठ्याने सांगतो. बाबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आई घरी पापड लाटायची. पण मला उपसंपादक म्हणून घेताना संपादकांनी माझी पदवी पाहिली नाही, अर्जावरचं अक्षर पाहिलं. म्हणाले, "बोर्डाला माणूस हवाच होता."

थोडं लागलं मनाला. पण खरं सांगायचं तर बोर्ड लिहायला मी कॉलेजात शिकलो नव्हतो, चाळीत शिकलो होतो. आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक फळा होता. 'उद्या सकाळी नळ बंद', 'आज मैदानावर सभा, सर्वांनी यावे', असलं काय काय मी शाळेत असल्यापासून त्यावर लिहीत आलो होतो. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम सुरू झाली तेव्हा तर त्या फळ्याला एक दिवस सुटी नव्हती.

बोर्डाचे स्वतःचे काही नियम असतात. वाक्य छोटं. क्रियापद असलंच पाहिजे, नाहीतर लोक स्वतःचं घालतात. खाली हातभर जागा मोकळी ठेवायची, कारण बातमी वाढते. आणि सगळ्यात मोठा नियम आमच्या मुख्य उपसंपादकांचा, सोहोनींचा. सोहोनी म्हणजे तपकीर ओढणारे, धोतर नेसणारे, कुणाशी दोन वाक्यांच्या वर न बोलणारे गृहस्थ. त्यांचा नियम असा की एका तोंडाने आलेली बातमी बोर्डावर जायची नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन तोंडांनी तीच बातमी सांगितली पाहिजे. फोन आला की ते रिसीव्हर ठेवायचे आणि म्हणायचे, "एक तोंड झालं." दुसरा आला की, "दुसरं झालं. परब, लिहा."

हा नियम उगाच आला नव्हता. माझ्या आधी बोर्ड लिहिणाऱ्या गृहस्थांनी एकदा एका तोंडावर विसंबून नाटकातले एक जुने नट वारल्याची बातमी लिहिली. तासाभराने ते नट स्वतः, छत्री काखेत मारून, बोर्डासमोर उभे राहिले. आपलं निधन वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. मग वर येऊन सोहोनींना म्हणाले, "अक्षर उत्तम आहे. पुढच्या वेळी हेच गृहस्थ असू द्या."

तेव्हापासून दोन तोंडं.

बोर्डाची गिऱ्हाइकंही ठरलेली होती. वरळी कोळीवाड्यातली एक म्हातारी मासळीची टोपली विकून परत जाताना थांबायची आणि काहीही लिहिलेलं असलं तरी विचारायची, "आमच्या वाड्याचं काय हाय का?" मी नाही म्हटलं की "मग कशाला लिवतंस" म्हणून निघून जायची. पण बोर्डाचा खरा मालक म्हणजे गजाभाऊ. समोरच्या केशकर्तनालयाचा हा मालक. त्याचा आवाज असा की दाढी करतानासुद्धा गिऱ्हाईक दचकायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो बोर्ड मोठ्याने वाचून दाखवायचा. मी एक शब्द लिहिला की तो एक शब्द वाचायचा. कधी कधी माझ्या खडूच्या पुढे जायचा. "'मुंबई'... लिहा, लिहा... 'मुंबईत आज हरताळ'!" मी हरताळच लिहिणार असायचो, त्यामुळे कधी बोललो नाही.

आता त्या दिवसाकडे येतो.

मुंबई कुणाची याचा निकाल अजून लागायचा होता. गोळीबार होऊन गेला होता, माणसं गेली होती, आणि त्यानंतर महापालिकेची निवडणूक आली. पालिकेचं काम म्हणजे नळ, गटारं, कचरा. पण त्या वर्षी नळासाठी कुणी मत दिलं नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस की सरकारी पक्षाचा, एवढंच बघितलं गेलं.

तेव्हा एका वॉर्डातून एकच नगरसेवक यायचा असं नव्हतं. एकाच वॉर्डातून तिघे-चौघे निवडायचे, मतदाराला तेवढी मतं, आणि ज्यांना सर्वांत जास्त पडली ते वरून धरायचे. आमच्या लालबाग-परळच्या वॉर्डात तीन जागा होत्या. असल्या मोजणीत पहिला-दुसरा कोण हे लवकर कळतं. जीव टांगलेला असतो तो शेवटच्या जागेसाठी. तिथे दोघं-तिघं एकमेकांच्या पायात पाय घालून पळत असतात.

आणि त्या तिसऱ्या जागेच्या शर्यतीत सगुणाबाई होती.

सगुणाबाईची लालबागला खानावळ. गावाहून एकटे आलेले गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. बाबा लग्नाआधी कैक वर्षं तिथेच जेवले. मी बी.ए.ला असताना घरी अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा दुपारची पंगत उठली की तिच्या धुतलेल्या फरशीवर बसून मी वाचायचो. ती येता-जाता म्हणायची, "पाय वर घे, बॅरिस्टर, पुसायचंय." सत्याग्रहात तुरुंगात गेली तेव्हा तिथली भाकरी हातात घेऊन जेलरला म्हणाली, "सक्तमजुरी ती हीच का?" अशी बाई. समितीने तिला तिकीट दिलं तेव्हा सगळ्या गिरणगावाला आपल्याच घरातलं कुणी उभं राहिल्यासारखं वाटलं.

तिच्या विरुद्ध सरकारी पक्षाचे डॉक्टर नाबर. माणूस वाईट नव्हता. लालबागच्या नाक्यावर दवाखाना, आमच्या अख्ख्या चाळीच्या तापाला त्यांचंच औषध. पण त्या वर्षी माणूस चांगला की वाईट हे कुणी विचारत नव्हतं. दवाखान्याला रस्त्याकडून मोठमोठ्या काचा होत्या, आणि निवडणूक लागल्यापासून त्या काचांकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले होते.

मोजणी परळच्या एका शाळेत. भोवती पोलिसांचं कडं, कुणाला जवळ फिरकू देत नव्हते. त्यामुळे निकाल बघायचा तर पेपरांच्या बोर्डावर. दुपार कलली तशी आमच्या दारापुढे गर्दी जमायला लागली. गिरगावातले होतेच, पण लालबाग-परळचे लोकही ट्रामने आले होते. कागदात गुलाल बांधून आणलेला. एकाने तर ताशा आणला होता, आणि तो मधूनच उगाच एक काडी मारायचा.

बाबाही आले होते. पहिली पाळी करून, तशीच गिरणीची खाकी चड्डी, डोक्याला अजून कापूस. त्यांना चाळीने पाठवलं होतं. चाळीत रेडिओ होता, रस्त्यावर अफवा होत्या, पण बाबांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "माजो झील बोर्डार लिवतलो ता खरा. बाकी सगळी बोंब." तेव्हा चाळीने म्हटलं, मग तुम्हीच जा आणि बघून या. तुम्ही येईपर्यंत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

मी वरच्या खिडकीतून हात केला. त्यांनी खालून विचारलं, "जेवलंस काय रे?" सगळी गर्दी हसली.

त्यांच्या मुठीत गुलाल होता.

निकाल कसा यायचा ते सांगतो. शाळेत आमचा बातमीदार राणे बसलेला. आत फोन नाही. त्याने बाहेर पळत येऊन कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून फोन करायचा. हे पहिलं तोंड. दुसरं तोंड म्हणून सोहोनींनी दोन भरवशाची माणसं बांधून ठेवली होती, एक लालबागच्या युनियन कचेरीतले कारकून, आणि दुसरे दादरचे एक मास्तर, ज्यांच्या शेजारी फोन होता आणि ओळखी गावभर.

राणेचा फोन आला. पहिल्या दोन जागा समितीच्या. नावं सांगितली. तिसऱ्या जागेला बाई आणि डॉक्टर अगदी चिकटून, फेरमोजणी मागितली आहे. युनियनच्या कारकुनांनीही तेच सांगितलं. दोन तोंडं झाली. सोहोनी म्हणाले, "परब, दोन नावं लिहा. तीनचा आकडा घालून ठेवा, म्हणजे एक जागा बाकी आहे हे दिसेल."

आकडा घालून ठेवायची आमच्याकडची पद्धतच होती. लोकांना कळायचं की अजून यायचंय, थांबा. मी खाली गेलो. 'लालबाग-परळ' असं वर लिहिलं. एक लिहून पहिलं नाव. जल्लोष. दोन लिहून दुसरं नाव. ताशा सुरू. मग तीनचा आकडा घातला, पुढे आडवी रेघ मारली आणि खडू खिशात ठेवून जिना चढायला लागलो.

पाठीमागून गजाभाऊचा आवाज आला. "एक नंबर!" त्याने नाव वाचलं. "दोन नंबर!" वाचलं. "आणि तीन नंबर..."

इथे तो थांबला. रिकाम्या जागेला काय वाचणार? पण गर्दी थांबली नाही. कुणीतरी ओरडलं, "सगुणाबाई!" आणि मग ते सगळ्यांनीच उचललं. मी जिन्याच्या मध्यावरून वळून पाहिलं तर माझ्या रिकाम्या ओळीवर गुलाल उडत होता.

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. लोक जिंकायच्या आधी थोडे जिंकून घेत आहेत, घेऊ दे.

वर येऊन टेबलाशी बसतो न बसतो तोच फोन. युनियनचे कारकून. सोहोनींनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. "तिसरी जागा बाईंची म्हणतात. पक्कं म्हणतात. तिकडे ढोल वाजतायत." रिसीव्हर ठेवला. "एक तोंड झालं."

थोड्या वेळाने दादरचे मास्तर. तेच. सगुणाबाई आल्या.

"दुसरं झालं," सोहोनी म्हणाले. पण लगेच 'परब, लिहा' म्हणाले नाहीत. तपकिरीची डबी उघडली, मिटली. "राणेचा फोन नाही आला."

"इराण्याच्या फोनवर रांग लागली असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात व्यवस्थापक वर आले. ते जाहिरातींचं बघायचे, बातमीत कधी पडायचे नाहीत, पण त्या दिवशी घामाघूम होऊन आले. "अहो, पलीकडच्या पेपरने लावलं! सगुणाबाई विजयी! आपण काय लग्नाचा मुहूर्त बघतोय का?"

आता तर तीन तोंडं झाली म्हणायची. सोहोनींनी माझ्याकडे बघितलं. "नियमात बसतंय. लिहा."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. खानावळीची फरशी आठवत होती. नाव जरा मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवलं होतं, नियमात बसत नसलं तरी. खिशातून खडू काढला. गजाभाऊ अगदी माझ्या खांद्याशी उभा. चेहरा गुलालाने माखलेला, आवाज बसत आलेला, पण खुशीत.

"लिहा परबसाहेब, लिहा," तो म्हणाला. "तुम्ही मागे राहिलात. लालबागला आम्ही केव्हाच कळवलं."

"कुणी कळवलं?"

"मी! मघाशी तुम्ही तीन नंबर घातलात ना, तेव्हा समोरच्या औषधवाल्याकडून फोन लावला. माझा मेव्हणा युनियनमध्ये बसतो. म्हटलं, बाई आली रे, बोर्डावर लागलं! त्याने तिथल्या तिथे ढोल काढला."

खडू बोर्डाला टेकलेला होता. तो तसाच राहिला.

युनियनमध्ये बसतो. म्हणजे त्याच कचेरीत, त्याच फोनपाशी, जिथून आमचं पहिलं तोंड बोललं होतं.

"गजाभाऊ, बोर्डावर कुठे लागलंय?"

"आता लागतंय की!" तो म्हणाला. "तेच ते!"

मी खडू खिशात ठेवला आणि वळलो. माझ्या पाठीमागे एवढा वेळ जो आवाज होता तो एकदम पडला. बस बंद पडल्यावर आतल्या माणसांचा पडतो तसा. मी वर धावत गेलो आणि सोहोनींना म्हटलं, "युनियनला फोन लावा. विचारा, तुम्हाला कुणी सांगितलं."

त्यांनी कारण विचारलं नाही. लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "अहो सोहोनी, असं काय करता? तुमच्याच बोर्डावर लागलं म्हणून गिरगावातून फोन आला!" मग दादरला. मास्तर म्हणाले, त्यांना युनियनमधूनच कळलं होतं. आणि पलीकडचा पेपर? त्यांचा माणूस आमच्या बोर्डासमोरच्या गर्दीत उभा असायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. आमचा त्यांच्याकडे असायचा.

सोहोनींनी रिसीव्हर खाली ठेवला.

"म्हणजे आपलीच बातमी आपल्याला परत आली," ते म्हणाले.

"बातमी नव्हतीच," मी म्हटलं. "रेघ होती."

व्यवस्थापक म्हणाले, "पण खरीही असेल ना! बाई येतीलच! लावून टाका आणि मोकळे व्हा."

खिडकीखाली ओरडा सुरू झाला होता. नुसतं गप्प बसणं आता शक्य नव्हतं. बाई आल्या असं शेकडो माणसं धरून चालली होती. तासाभराने डॉक्टर आले असं कळलं असतं तर कुणीही फेरमोजणी मानली नसती. 'आली होती, पाडली,' एवढंच लालबागला पोचलं असतं, आणि मग त्या काचा. काचांच्या मागे डॉक्टर असायचे, त्यांचा कंपाउंडर असायचा, बाकांवर तापाची पोरं घेऊन बसलेल्या बायका असायच्या.

आणि गर्दीत बाबा उभे होते. माझा झील लिहील ते खरं, असं सांगून आलेले.

"मी लिहितो," मी म्हटलं. "पण जे आहे ते."

सोहोनींनी मान हलवली.

खाली जाऊन मी तीनच्या पुढची रेघ पुसली आणि लिहिलं, 'मोजणी चालू आहे.' क्रियापदासकट. गजाभाऊने ते वाचलं नाही. पहिल्यांदाच. कुणा दुसऱ्यानेच वाचलं आणि मग जे सुरू झालं ते मी सगळं इथे लिहीत नाही.

"पैसे खाल्ले!"

"नाबर डॉक्टरचं इंजेक्शन लागलं वाटतं!"

"शिकून साहेब झाला, आता समिती कुठली आठवतेय!"

एकाने बाबांना ओळखलं. आमच्याच बाजूचा होता. "काय परबकाका, हाच काय तुमचा झील? ह्येच्यासाठी साचा ओढलात जल्मभर?" दुसरा म्हणाला, "काका, तुमच्या पोराला वाचता येतं, लिहिता येत नाही!" हशा झाला. तो हशा मला आजही ऐकू येतो. मला कुणी काय म्हणालं त्याचं मला काही वाटलं नाही. साठ-सत्तर माणसं एका कापूस लागलेल्या म्हाताऱ्याला हसत होती, आणि कारण मी होतो.

मी बोर्डापाशीच उभा राहिलो. वर गेलो असतो तर पळालो असं झालं असतं.

बाबा हसणाऱ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज तसाही साच्यांच्या खडखडाटात वापरून बसलेला.

"माका वाचूक येना नाय," ते म्हणाले. "पण वाट बघूक येता."

आणि बोर्डाकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांच्या भोवतीचे एक-दोघे गप्प झाले. मग आणखी काही. सगळे नाही. गर्दी पांगली नाही, चिडलेलीच राहिली, पण पुढेही आली नाही. ताशावाला खाली बसला. गजाभाऊ आपल्या दुकानाच्या पायरीवर जाऊन टॉवेलने तोंड पुसत बसला. त्याला एकदम काहीतरी कळल्यासारखं दिसत होतं. मग उठून तो लोकांना म्हणाला, "अहो, मी वाचलं का सगुणाबाई? मी थांबलो होतो! तुम्हीच ओरडलात!" हे मात्र अगदी खरं होतं.

रस्त्यावरचे दिवे लागता लागता वरून हाक आली. "परब!"

राणेचा फोन होता. इराण्याचं हॉटेल पोलिसांनी मघाशीच बंद करायला लावलं होतं, म्हणून तो इतका वेळ फोन शोधत फिरत होता. फेरमोजणी संपली होती. सोहोनींनी ऐकलं, ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, आणि मला म्हणाले, "बाई आल्या. पहिल्या मोजणीत मागे होत्या, बरं का. फेरमोजणीत वर आल्या. थोडक्यात. त्यांच्या खानावळीत एका पंगतीला बसतील एवढीच मतं जास्त."

मी खडू घेऊन दाराकडे निघालो.

"थांबा. एकच तोंड झालं."

"अहो सोहोनी!" व्यवस्थापक जवळजवळ रडवेले झाले होते.

"एकच झालं," सोहोनी म्हणाले. "आणि दुसरं आता कुणाचं घेऊ? लालबागला ज्याला विचारीन तो हो म्हणेल. सगळं गाव दुपारपासून एकाच तोंडाने बोलतंय." असं म्हणून त्यांनी डायरी उघडली, एक नंबर पाहिला आणि फिरवला. पलीकडे कोण आहे ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं. "डॉक्टर नाबर का? मी गिरगावातून सोहोनी. आपल्याला थोडा त्रास देतो."

डॉक्टर काय म्हणाले ते सोहोनींनी मला नंतर सांगितलं. म्हणाले, "हो, मी पडलो. बाईंना हार घालूनच आत्ता दवाखान्यात येऊन बसलोय. लिहा खुशाल. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे माझ्या काचांनाही वाचता येईल."

रिसीव्हर ठेवून सोहोनींनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले, आणि म्हणाले, "पडलेल्याचं तोंड सगळ्यात भरवशाचं. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही?" पुढे माझ्या सगळ्या नोकरीत आम्ही तेच केलं. निकाल आला की दुसरा फोन हरलेल्याला. काही जण शिव्या द्यायचे, पण शिव्या देण्याआधी खरं सांगायचे.

मी खाली गेलो. 'मोजणी चालू आहे' पुसलं आणि सगुणाबाईचं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. पुढे 'विजयी झाल्या'. खडूची शेवटची रेघ ओढून वळलो तर सगळे गजाभाऊकडे बघत होते, आणि गजाभाऊ बाबांकडे.

बाबा म्हणाले, "गजाभाऊ, आता वाचा बघया."

गजाभाऊने घसा खाकरला. त्याने प्रत्येक अक्षर मी लिहून झालेलं आहे ना हे बघत बघत वाचलं.

मग काय झालं ते सांगायला नको. ज्याने इंजेक्शनचं म्हटलं होतं त्यानेच मला उचललं. मात्र गुलाल फारसा उडाला नाही, कारण सगळ्यांचा मघाशीच संपला होता. नुसतेच हात उडवत होते. एकट्या बाबांकडे होता. त्यांनी मूठ उघडली. इतका वेळ घट्ट धरल्याने घामाने त्याचा लगदा झाला होता. उधळता येईना. त्यांनी त्यातलं एक बोट माझ्या कपाळाला लावलं.

"आता इली," ते म्हणाले. आणि लगेच, "चलतंय मी. चाळ वाट बघता."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर सुनावलं की शहरात आपला बोर्ड शेवटचा लागला. खरं होतं. पलीकडच्या पेपराचं सगुणाबाईबद्दलचं लिखाणही शेवटी खरंच ठरलं होतं, त्यांना कुणी काही बोललं नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. आता या वयात तेवढंही वाटत नाही. डॉक्टरांच्या काचा शाबूत राहिल्या. सगुणाबाई नगरसेविका झाली आणि तरीही पहाटे उठून पीठ मळत राहिली. पुढे एकदा मी जेवायला गेलो तर म्हणाली, "बॅरिस्टर, मला म्हणे तू लटकवून ठेवलंस! पाय वर घे."

बाबा त्या संध्याकाळी घरी कसे पोचले ते मला आईने सांगितलं. लालबागच्या नाक्यावर दुपारीच गुलाल उडून गेला होता, मधे निषेध होऊन गेला होता, आणि पुन्हा नाच सुरू झाला होता. त्या सगळ्यातून ते हात वर धरून चालत आले, पुसू नये म्हणून. ट्राममध्ये कंडक्टरने विचारलं, काय लागलंय का हाताला? तेव्हा हो म्हणाले. आमच्या चाळीत सगळे गॅलरीत उभे होते, दोन्ही मजल्यांवर. कुणी नाचत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. पुड्या तशाच बांधलेल्या. बाबा चाळीच्या दाराशी आले. त्यांनी फक्त लाल तळवा वर करून दाखवला.

मग चाळीने गुलाल सोडला.